तीन पॉलिस्या, तीन नॉमिनी : क्लेम सर्व्हिसचा वर्षभराचा अनुभव

मागच्या मंगळवारी शेवटचे पैसे खात्यावर जमा झाले म्हणून आज हा रिव्ह्यू लिहायला बसलोय. सहा महिन्यांपूर्वी लिहिला असता तर नुसत्या रागात लिहिला गेला असता, आणि या सगळ्यात ज्यांनी मनापासून काम केलं त्यांच्यावर अन्याय झाला असता. कंपन्यांची नावं लिहीत नाही, एजंटचं पण नाही. दोन कंपन्या आहेत, पहिली जुनी जिच्या शाखेत आम्ही कराडला वर्षभर खेटे घातले, दुसरी ऑनलाइन टर्म प्लॅनवाली (टर्म प्लॅन म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच पैसे देणारा विमा). स्टार द्यायचे तर पहिल्या कंपनीला २, त्यातल्या क्लेम काउंटरच्या मॅडमना एकट्यांना ४, आमच्या एजंट काकांना १, दुसऱ्या कंपनीला ५. आता का ते सांगतो.

माझा मोठा भाऊ, दादा, फेब्रुवारी २०२५ मध्ये हार्ट अटॅकने गेला. बेचाळिशी पण पूर्ण नव्हती. मागे आई, वहिनी आणि दोन मुलं, मोठी सातवीत आणि धाकटा तिसरीत. बाराव्यानंतर वहिनींनी कपाटातली लाल रंगाची फाइल काढून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, "भाऊजी, यातलं मला काहीच कळत नाही, ह्यांनी कधी सांगितलंच नाही." फाइलमध्ये तीन पॉलिस्या निघाल्या. हप्ते सगळे वेळच्या वेळी भरलेले, पावत्या तारखेप्रमाणे टाचणी मारून लावलेल्या, दादाचं काम असंच असायचं. मला वाटलं महिनाभरात सगळं होऊन जाईल.

पहिली पॉलिसी २००६ ची. नोकरी लागल्या लागल्या काढलेली, २ लाखांची एंडोमेंट (मुदत संपली तरी पैसे मिळतात ती), बोनस धरून साधारण साडेतीन लाख मिळणार होते. तिच्यावर नॉमिनी बाबा. आणि बाबा २०१६ मध्ये वारले.

म्हणजे ९ वर्षं त्या पॉलिसीला जिवंत नॉमिनीच नव्हता. आणि या ९ वर्षांत एजंट काका आमच्या घरी किती वेळा आले याला गणती नाही, दिवाळीला कॅलेंडर घेऊन यायचे, बाबांच्या दहाव्याला नदीवर स्वतः हजर होते, बाबा गेले हे त्यांना आमच्याइतकंच माहीत होतं. तरी कधी एकदा म्हणाले नाहीत की अरे त्या पॉलिसीवर बाबांचं नाव आहे, ते बदलून घेऊ. मी त्यांना विचारलं तर म्हणाले, "तुम्ही सांगायला पाहिजे होतं ना, आम्ही किती जणांचं लक्षात ठेवणार." काका वाईट माणूस नाहीत, कोणाचा रुपया खाल्लेला नाही, पण हप्ता चुकला की ज्यांचा दुसऱ्या दिवशी फोन येतो त्यांना हे एक लक्षात ठेवता येत नाही हे मला पटलेलं नाही आणि पटणारही नाही. त्यांचा १ स्टार यासाठीच.

नॉमिनी पॉलिसीधारकाच्या आधी गेला आणि नवीन नाव लावलं नाही तर विम्याच्या कायद्याचं कलम ३९ सांगतं की पैसे पॉलिसीधारकाच्या वारसांना किंवा सक्सेशन सर्टिफिकेट, म्हणजे कोर्टाने दिलेलं वारसाचं प्रमाणपत्र, ज्याच्याकडे आहे त्याला द्यायचे. ऐकायला सोपं वाटतं. आम्ही तलाठ्याकडची वारसनोंद घेऊन गेलो, सातबाऱ्यावर नावं चढवली होती त्याची फेरफाराची नक्कल पण सोबत. मॅडमनी शांतपणे सांगितलं की ही नोंद जमिनीपुरती, विम्याला चालत नाही, कोर्टातून आणावं लागेल. गावाकडे ९० टक्के लोकांना हेच वाटतं की तलाठ्याचा कागद म्हणजे सगळीकडे चालणारा वारस दाखला, मला पण तेच वाटत होतं. रक्कम लहान असली की काही वेळा कंपनी सगळ्या वारसांची संमती आणि इंडेम्निटी बाँड (उद्या दुसरा कोणी हक्क सांगत आला तर भरून देऊ अशी लेखी हमी) घेऊन कोर्टाशिवाय पैसे देते, ते मॅडमनी आमच्यासाठी वर विचारून पण बघितलं, अर्ज त्यांनीच लिहून दिला, पण मुलं अज्ञान, म्हणजे १८ च्या आतली, असल्यामुळे वरून नकार आला. त्यांच्या ४ स्टारांतला एक त्या अर्जाचा आहे.

मग वकील, अर्ज, पेपरात जाहीर नोटीस, तारखा. आठ महिने. आई सत्तरीला टेकलेली, कोर्टात गुडघे धरत जिना चढायची आणि प्रत्येक वेळी एकच विचारायची, "माझ्या लेकाचे पैसे त्याच्या पोरांना द्यायला एवढं का विचारतात रे?" हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पहिल्या वर्गातले वारस म्हणजे आई, बायको आणि मुलं, मृत्युपत्र नसेल तर चौघांना सारखा हिस्सा. मी सख्खा भाऊ पण या यादीत मी नाही, ताई पण नाही. आणि आणखी एक जे मला माहीतच नव्हतं, बाबा असते तरी या पहिल्या वर्गात ते नसते, आई आहे पण वडील दुसऱ्या वर्गात. मुलांचे दोन हिस्से सज्ञान होईपर्यंत बँकेत एफडी करून ठेवा असा आदेश झाला. त्याला आमची काही हरकत नाही, पण शाळेची फी भरायची होती तेव्हा ते साडेतीन लाख आमच्यासाठी नसल्यातच जमा होते.

दुसरी पॉलिसी २०१३ ची, त्याच कंपनीची, त्याच काकांकडून, लग्नानंतर काढलेली. नॉमिनी वहिनी. म्हटलं इथे तरी काही अडणार नाही. आणि इथेच सगळ्यात जास्त मनस्ताप झाला. आपल्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात नवीन नाव लिहितात, दादाने पण लिहिलं होतं आणि घरात सगळे वहिनींना त्याच नावाने हाक मारतात. काकांनी फॉर्म भरताना दादाला विचारलं बायकोचं नाव काय, दादाने तेच सांगितलं, काकांनी तेच लिहिलं, कुठला कागद बघितला नाही. वहिनींच्या आधारवर, पॅनवर, दहावीच्या सर्टिफिकेटवर, बँकेच्या पासबुकावर सगळीकडे माहेरचं पहिलं नाव. म्हणजे पॉलिसीवरची बाई आणि समोर बसलेली बाई कागदावर दोन वेगळ्या.

शाखेतल्या एका साहेबांनी (मॅडम नाहीत, दुसरे) सांगितलं की गॅझेट आणा, म्हणजे नाव बदलल्याची सरकारी राजपत्रातली नोंद. आता वहिनींनी नाव बदललंच नाहीये तर गॅझेट कशाचं करायचं? कायद्याने त्यांचं नाव आजही माहेरचंच आहे, फक्त आडनाव आणि मधलं नाव आमचं लागलं. हे मी त्यांना तीन वेगवेगळ्या दिवशी समजावलं. तिसऱ्या दिवशी ते वहिनींना म्हणाले, "तुम्हीच त्यांच्या मिसेस कशावरून?" नवरा जाऊन दोन महिने झालेल्या बाईला काउंटरच्या पलीकडून असं विचारायचं नसतं हो. वहिनी काही बोलल्या नाहीत, बाहेर येऊन गाडीत बसल्या आणि कराडपासून घरापर्यंत एक शब्द नाही. कंपनीचे तीन स्टार मी तिथेच कापले.

शेवटी सुटलं कसं ते सविस्तर सांगतो कारण हा प्रॉब्लेम महाराष्ट्रात घरोघरी आहे. एक, ग्रामपंचायतीतून विवाह नोंदणीचा दाखला काढला, त्यात माहेरचं पूर्ण नाव आणि दादाचं नाव आहे. दोन, एकाच व्यक्तीची ही दोन नावं आहेत असं प्रतिज्ञापत्र नोटरी करून. तीन, रेशनकार्ड, त्यावर सासरचं नाव होतं आणि त्याच घरातली बाकी नावं पण होती, ते फार उपयोगी पडलं. हे सगळं लावून मी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला, त्यात स्पष्ट लिहिलं की ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाणार. लोकपाल म्हणजे इन्शुरन्स ओम्बड्समन, तिथे तक्रार करायला फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची भरपाई देऊ शकतात, फक्त आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली पाहिजे आणि कंपनीचा नकार आल्यापासून एक वर्षाच्या आत जायला पाहिजे. जायची वेळ आली नाही. अकराव्या दिवशी मॅडमचा स्वतःहून फोन आला की पासबुकाची झेरॉक्स आणि कॅन्सल चेक घेऊन या, मी इथून पुढचं करते. आठवड्यात पैसे जमा.

मॅडमविषयी एवढं लिहायलाच पाहिजे. त्या दिवशी त्यांनी वहिनींना आत बोलावून खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि फॉर्मवरची प्रत्येक ओळ आधी वाचून दाखवली मग सही घेतली. वहिनी म्हणाल्या की वर्षभरात पहिल्यांदा कोणीतरी माझ्याशी बोललं, नाहीतर सगळे तुमच्याशीच बोलत होते भाऊजी.

तिसरी पॉलिसी, टर्म प्लॅन, ५० लाखांची, २०१९ मध्ये दादाने स्वतः मोबाइलवरून काढलेली. घरात कोणाला माहीत नव्हतं, फाइलमध्ये ईमेलची प्रिंट होती म्हणून कळलं. नॉमिनी दोन, वहिनी ७० टक्के आणि आई ३० टक्के. नावं आधारप्रमाणे, जन्मतारखा बरोबर. त्या कंपनीकडून दरवर्षी मेसेज यायचा की तुमच्या पॉलिसीतला नॉमिनी हा आहे, बदल असेल तर कळवा, असे मेसेज दादाच्या फोनमध्ये मी नंतर बघितले. क्लेम ऑनलाइन टाकला, मृत्यूचा दाखला, हॉस्पिटलचे कागद, दोघींचं आधार, पॅन आणि बँक डिटेल्स. एक मुलगी केससाठी नेमून दिली, तिचा डायरेक्ट नंबर, प्रत्येक वेळी तीच बोलायची, आईशी सुद्धा मराठीत. बाराव्या दिवशी ३५ लाख वहिनींच्या खात्यात, १५ लाख आईच्या. आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२४ मध्ये नियम केला आहे की चौकशीची गरज नसलेला डेथ क्लेम सगळे कागद मिळाल्यापासून १५ दिवसांत द्यायचा, चौकशी लागली तर ४५ दिवसांत, आणि उशीर झाला तर बँक रेटपेक्षा २ टक्के जास्त दराने व्याज. पॉलिसीला तीन वर्षं होऊन गेली होती, आणि तीन वर्षांनंतर कलम ४५ प्रमाणे कंपनीला पॉलिसीवरच शंका घेता येत नाही, त्यामुळे चौकशीचा विषय पण आला नाही. तर ५ पैकी ५.

या १५ लाखांवरून घरात थोडी कुजबुज झाली, कोणाकडून ते लिहीत नाही, पण "आईच्या नावावर आले म्हणजे ते सगळ्यांचे, नॉमिनी फक्त पैसे घेऊन वाटणारा असतो" असं एका नातेवाइकाने ठासून सांगितलं. तो पूर्ण चुकीचा नव्हता. १९८३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सरबती देवी विरुद्ध उषा देवी या केसमध्ये तेच म्हटलं होतं, की नॉमिनीला पैसे स्वीकारायचा हक्क, मालकी वारसांची. पण २०१५ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि आई-वडील, नवरा किंवा बायको, आणि मुलं यांच्यापैकी कोणी नॉमिनी असेल तर त्यांना लाभार्थी नॉमिनी धरायचं ठरलं, म्हणजे पैसे त्यांच्या स्वतःच्या हक्काचे. आमच्या केसमध्ये दोघी या यादीत बसतात म्हणून प्रश्न मिटला. भाऊ, बहीण, पुतण्या, मित्र यांना नॉमिनी केलं तर हे लागू होत नाही, तिथे अजून ते फक्त पैसे सांभाळणारे. आणि यादीतला नॉमिनी असला तरी भांडण होणारच नाही असं समजू नका. कर्नाटक हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठाने २०२५ मध्ये एका केसचा निकाल दिला, मुलाने लग्नाआधी आईला नॉमिनी केलं होतं, लग्न झालं, मूल झालं, नाव तसंच राहिलं आणि तो गेला. कोर्टाने आई, बायको आणि मूल तिघांना सारखे वाटून दिले. हे मला आमच्या वकिलांनी वाचायला दिलं तेव्हा अंगावर काटा आला कारण आमच्या घरात पण थोडंफार असंच झालं असतं.

वकिलांकडून कळलेल्या अजून दोन गोष्टी पटकन. होमलोनसाठी पॉलिसी बँकेकडे असाइन केली, म्हणजे कर्जापोटी बँकेच्या नावे लिहून दिली, तर आता नॉमिनेशन रद्द होत नाही, बँक आपलं येणं आधी कापून घेते आणि उरलेलं नॉमिनीला. आणि विवाहित पुरुषाने पॉलिसी घेतानाच विवाहित महिला संपत्ती कायदा १८७४ खाली घेतली, लोक एमडब्ल्यूपी म्हणतात, तर ते पैसे बायको-मुलांसाठीचा ट्रस्ट होतात, धंद्यात नवऱ्याकडून ज्यांचं येणं आहे ते त्याला हात लावू शकत नाहीत. पण नंतर त्यातली नावं बदलता येत नाहीत आणि पॉलिसी काढून झाल्यावर हा शिक्का मारता येत नाही, फॉर्म भरतानाच सांगावं लागतं. आमच्या काकांनी १९ वर्षांत हा शब्द एकदाही उच्चारला नव्हता. दुकानदार, ट्रकवाले, कर्ज काढून धंदा करणारे कोणी हे वाचत असतील तर एजंटला हे नक्की विचारा.

मुलांना नॉमिनी करत असाल तर अपॉइंटी कोण ते नीट ठरवा. मूल १८ च्या आत असताना पैसे अपॉइंटीच्या हातात येतात. एका ओळखीच्या घरात अपॉइंटी म्हणून चुलत्याचं नाव आहे आणि मुलांची आई धडधाकट घरात आहे, का तर फॉर्म भरताना चुलते शेजारी बसले होते.

शाखेविषयी उरलेलं. पार्किंग नाही, टोकन मशीन बंद, दुपारी जेवणाच्या सुट्टीत काउंटर पूर्ण रिकामं असतं त्यामुळे लांबून येणाऱ्यांनी सकाळीच या. झेरॉक्स खाली रस्त्याच्या पलीकडे मिळते. प्रत्येक कागद दिल्यावर पोच घ्या, शिक्का आणि तारखेसह, आमचा एक फॉर्म त्यांच्याकडून हरवला होता आणि पोच होती म्हणूनच परत पहिल्यापासून सुरुवात करावी लागली नाही.

आता शेवटचं. हे सगळं चालू असताना जूनमध्ये एका रात्री मी माझी स्वतःची पॉलिसी काढून बघितली. २०११ ची, त्याच काकांकडून. नॉमिनीच्या जागी दादाचं नाव होतं. तेव्हा मी एकटा होतो, बाबा म्हणाले होते की थोरल्याचं नाव टाक, टाकलं. माझ्या लग्नाला सात वर्षं झाली. दुसऱ्या दिवशी हाफ डे टाकून कराडला गेलो. मॅडमनी नॉमिनी बदलायचा फॉर्म दिला, बायकोचं नाव आधारवरून अक्षर अक्षर बघून लिहिलं, जुन्या नॉमिनीची सही वगैरे काही लागत नाही, पॉलिसीधारक जिवंत आहे तोपर्यंत त्याला वाटेल तेव्हा बदलता येतं, फक्त कंपनीकडे लेखी नोंद झाली पाहिजे. पॉलिसीचा मूळ बाँड जमा केला, पोच घेतली, वीस मिनिटांत बाहेर. फॉर्ममध्ये जुन्या नॉमिनीचं नाव लिहायचा एक रकाना होता, तिथे दादाचं पूर्ण नाव लिहिताना हात थांबला, मॅडमनी ते बघितलं आणि मागे रांग होती तरी काही घाई केली नाही. दहा दिवसांनी बाँड पोस्टाने परत आला, मागच्या पानावर नवीन नावाची नोंद, तारीख आणि सही. नाव बरोबर आहे, मी आणि बायकोने दोघांनी वाचून बघितलं.